ओल्या लाकडाचं दार

मिस्त्री दुपारी एक वाजता गेममध्ये शिरले, ते फक्त लाकूड सुकलंय का ते बघायला.

आता टीव्हीच्या पडद्यावरचं लाकूड कसलं सुकतंय, असं कुणीही म्हणेल. पण हे मिस्त्रींना सांगणार कोण? चाळीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवण्यात गेलेली. आठ महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा हलायला तयार नाही. बोटांना व्यायाम म्हणून लेकीनं गेमचा रिमोट हातात दिला. लेक नर्स. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ठमी म्हणायचे. आता उभ्याउभ्या जेवून ड्यूटीला पळणारी काटकुळी बाई झाली, तरी ठमीच राहिली.

गेम असा होता की बर्फाचं जंगल आणि आपण रिकाम्या हातानं. गारगोट्या शोधायच्या, दगड काठीला बांधून कुऱ्हाड करायची, झाडं तोडायची, गवत वळून दोर करायचा, फटी बुजवायला खोडावरची चिकट राळ खरवडायची आणि त्यातूनच घर उभं करायचं. माणशी जीव एकच. मेलात की तुमचं नाव, सामान, तुमच्या नावावरचं घर, सगळं पुसून साफ. त्यातून हे जंगल कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर चोवीस तास चालू. तुम्ही रिमोट ठेवून उठलात तरी तुमचा माणूस तिथं झोपलेला असतो, आणि रात्र झाली की लांडगे फिरतात.

ठमीनं तिथलं घर आपल्या नावावर मांडलं ते मिस्त्री दवाखान्यात पडून होते तेव्हा. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, फोनवर. डॉक्टर त्या दिवसांत नक्की काही बोलत नव्हते. घरात तिनं सगळ्यात आधी एक खाट केली आणि तिच्यावर ‘बाबा’ अशी पाटी लावली. स्वतःची खाट नंतर. मिस्त्रींना हे कळलं त्या दिवसापासून व्यायामाची टाळाटाळ बंद झाली.

काल संध्याकाळी त्या घराचं जुनं दार मोडलं. ठमीनं नवे ओंडके तोडून आणले आणि लगेच दार करायला निघाली.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. “ओल्या लाकडाचं दार करतेस?”

“बाबा, गेम आहे हा.”

“असेल. चार दिवसांत वाकेल, मग बसशील ढकलत. माझ्या घराला असलं दार लागणार नाही. ओंडके एकावर एक रच, मधे काठ्या ठेव, वारा खेळू दे.”

आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाबा कामावरून ओरडले होते. ठमीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं मुकाट्यानं ओंडके रचले. दार नाही म्हणून उंबऱ्यापुढं मोठी शेकोटी केली, आठ ओंडके घातले. “शेकोटी पेटती असली की लांडगे जवळ येत नाहीत. उद्या चारपर्यंत पुरेल. मी आल्यावर बघू. तुम्ही एकटे शिरू नका.” असं बजावून ती ताटं धुवायला गेली.

ती गेल्यावर मिस्त्रींनी शेकोटीकडं पाहिलं. इतके सरळ, बिनगाठीचे ओंडके जाळायचे? त्यांच्या जिवाला चटका बसला. चार ओंडके गुपचूप बाहेर काढून त्यांनी रचलेल्या ढिगावर ठेवले.

आणि आज दुपारी बघतात तर ढीगच नाही.

आधी वाटलं, आपण चुकीच्या बाजूला आलो. घराला फेरी मारली. बर्फावर काहीच नव्हतं. मग आठवलं, ठमी पहिल्याच दिवशी बोलली होती की उघड्यावर टाकलेलं सामान रात्र उलटली की गायब होतं, पेटीत ठेवायचं. कालच्या ओरड्यानं तीही विसरली होती. शेकोटीत दोन निखारे उरले होते. आत खाटेवर ठमीचा माणूस पांघरूण घेऊन झोपला होता. आणि तिथला सूर्य, जो आपल्या घड्याळाला जुमानत नाही, झाडांच्या मागं चालला होता.

मिस्त्रींनी ठमीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ड्यूटीवर तिचा फोन कपाटात असतो. बायको बहिणीकडं गेलेली. घरात ते, टीव्ही आणि हा अर्धा हात.

निखाऱ्यावर त्यांनी एक मशाल पेटवून घेतली आणि जंगलात धावले. पहिलं झाड पाडलं, दुसरं पाडलं. गवत उपटून दोन दोर वळले. राळ काही सापडेना. तीन खोडं कोरडी निघाली, चौथ्यावर ती पिवळी गाठ दिसली तेव्हा त्यांच्या कपाळावर खराखुरा घाम होता. परत आले तोवर शेकोटी विझली होती. पुन्हा पेटवायला मशाल चालत नाही, गारगोटीच हवी, ती झोपलेल्या ठमीच्या थैलीत. म्हणजे आता दारच.

पहिला लांडगा रडल्यासारखा ओरडला. दुसऱ्यानं अगदी जवळून उत्तर दिलं.

मिस्त्री चौकटीपुढं उभे राहिले. डाव्या बोटानं मशालीचं बटण दाबून धरायचं, नाहीतर अंगावर येतील. आणि उजव्या अंगठ्यानं दाराचं बटण, सलग दहा मोजेपर्यंत. रोज सकाळी ठमी हाच अंगठा दाबायला लावून मोजायची. आजवर कधी सहाच्या पुढं गाडी गेली नव्हती.

दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा घसरला. पडद्यावर दोर तटकन तुटला आणि फळ्या खाली पडल्या. एक दोर वाया. आता एकच उरला.

झाडांमधून डोळे दिसायला लागले. दोन जोड्या, मग चार. मिस्त्रींना भीती वाटत होती, आणि ती लपवायला तिथं कुणी नव्हतं. आतली ठमी मेली तर आपल्या हातानं काढलेल्या त्या चार ओंडक्यांपायी तिची सगळी मेहनत जाणार, दवाखान्यातल्या त्या रात्रींसकट. “ठमे, उठ गं,” ते टीव्हीला म्हणाले. ती कशी उठणार?

त्यांनी परत दाबलं. या वेळी मोजलं नाही. मोजलं की सहाला भीती वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. नजर फळ्यांवर ठेवली. एक फळी बसली, दुसरी बसली. अंगठा बटणावरून हलला नाही. लांडगा मशालीला बिचकून मागं गेला, दुसरा बाजूनं आला. तिसरी फळी. राळ भरली गेली. खट् असा आवाज झाला आणि दार चौकटीत बसलं, एका सुताचाही फरक नाही.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बाहेर आहोत.

आयुष्यभर दारं बाहेर उभं राहूनच बसवली. आजही पाय तिथंच उभे राहिले. आता आत जायचं तर दार उघडायला हवं, आणि पाठीला चिकटलेले चारही लांडगे त्यांच्याबरोबरच आत शिरणार. मशाल विझत आली होती. मिस्त्रींनी दार उघडलं नाही. ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

फार वेळ लागला नाही. पडदा लाल झाला, मग काळा.

अर्ध्या तासानं खऱ्या दाराची कडी जोरजोरात वाजली. मिस्त्रींनी उघडलं. ठमी ड्यूटीच्या कपड्यांतच, धापा टाकत, हातात फोन. फोनवर त्यांचा न उचललेला कॉल आणि त्याच्याखाली गेमचा निरोप: ‘तुमचा सोबती बाबा मरण पावला.’

“गेमच आहे हे कळत होतं मला,” ती म्हणाली. “तरी वॉर्डातून पळत सुटले. सुट्टीत कपाट उघडलं, तर आधी तुमचा कॉल, मग हे. आठ महिन्यांपूर्वी असाच फोन आला होता, बाबा.” ती उंबऱ्यातच बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली.

“तू आत आहेस,” मिस्त्री म्हणाले. “झोपलेली. दार लावलंय.”

“कशाचं?”

“ओल्याचंच. वाकेल.”

ठमीनं डोळे पुसले. त्यांच्या उजव्या हातात रिमोट अजून तसाच होता, अंगठा बटणावर गच्च. तिनं तो सोडवायला हात पुढं केला, आणि मग तसाच राहू दिला.

“वाकू दे,” ती म्हणाली.