दोनदा दाबायचा ब्रेक

आई गेल्यापासून बाबांना झोप लागायची ती फक्त चालत्या गाडीत. पलंगावर रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसे आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती जीभ जड होई. पण दुपारी धाकटीने जुनी गाडी काढली, त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि तळ्याकाठचा रस्ता धरला, की दुसऱ्या वळणावर त्यांचं डोकं काचेला टेकलेलं असायचं. मग ती तासभर उगाच फिरत राही. दादाच्या नव्या गाडीत हा प्रयोग करून झाला होता. तिथे बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून राहिले.

आणि नेमकी हीच गाडी दादाने भंगारात काढायची ठरवली होती. गेल्या रविवारी तो ती अंगणातून बाहेर काढायला गेला, त्याने ब्रेक दाबला, ब्रेक तळाला टेकला आणि गाडीने तीन कुंड्यांसह फाटकाचा एक खांब आडवा केला. दादा आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता, हीच खरी अडचण होती. त्याने शांतपणे सांगून टाकलं, की शनिवारी पाच वाजता मी फाटकात उभा राहणार. एका दाबात थांबली तर राहू दे, नाहीतर सोमवारी भंगारवाला. बाबा ज्यात बसतात ती गाडी आहे, हे त्याचं म्हणणं धाकटीला खोडता येईना. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की गेल्या कित्येक वर्षांत या ब्रेकने तिला कधीच दगा कसा दिला नाही.

शनिवारी दुपारीच ती बाबांना घेऊन गॅरेजवर गेली. गॅरेज काकूंचं. नवरा हिशोबात कच्चा आणि हाताने आळशी, म्हणून त्यांनी तिशीत पाना हातात घेतला तो आजपर्यंत खाली ठेवला नव्हता. छपरावर हिरवे पत्रे होते, त्यातून ऊन झिरपून खाली येई आणि आतलं सगळं, टायर, डबे, काकूंचे पांढरे केससुद्धा, पाण्याखाली असल्यासारखं दिसे. तिथे आलं की आवाज आपोआप खाली यायचा.

काकूंनी आधी बॉनेट उघडलंच नाही. आवारात एक फेरी मारून दाखव म्हणाल्या आणि खिडकीला धरून धाकटीच्या पायाकडे बघत चालत राहिल्या.

"दोनदा का दाबलास?"

"दोनदाच दाबतात ना?" धाकटी म्हणाली. "आधी हळूच एक, मग खरा."

बाबांनी तिला असंच शिकवलं होतं. पहिला दाब गाडीला सांगायला, दुसरा थांबवायला. ती दुसऱ्या कुणाची गाडी कधी चालवायला गेलीच नव्हती, त्यामुळे सगळं जग असंच थांबतं अशी तिची समजूत होती. काकू हसून हसून ओल्या डोळ्यांनी खाली बसल्या. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पहिला दाब वाया जातो, दुसऱ्याला कुठे ब्रेक लागतो, हे त्यांनी तिला समजावलं.

"दुखणं गाडीचं आणि पथ्य तुम्ही पाळताय," त्या म्हणाल्या. "मग कळणार कुणाला?"

ब्रेक ऑइल कमी झालं होतं आणि उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं दिसत होतं. काकूंनी चारही चाकं काढली. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममध्ये बोट फिरवलं तर ते ओलं झालं. तिथल्या छोट्या सिलिंडरचं रबर झिजलं होतं. ऑइल थेंबथेंब बाहेर आणि हवा आत, असा व्यवहार बरीच वर्षं चालला असणार. त्यांनी रबर बदललं, ऑइल प्यालेल्या ब्रेक पट्ट्या टाकून नव्या बसवल्या, नेमक्या अंतरावर आणल्या. आता राहिलं होतं नळीतली हवा काढणं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी नट सैल करून हवा सोडायची, नट आवळला की मगच पाय उचलायचा.

बाबा तोवर कधी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले ते कुणालाच कळलं नाही. उठायला तयार होईनात. ब्रेक माझा पाय ओळखतो म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच काही बोलले होते, म्हणून त्यांना कुणी उठवलं नाही.

दाबा, धरा, सोडा, काकू चाकाशी बसून सांगत होत्या. पारदर्शक नळीतून बुडबुडे आले. पुन्हा आले. दहाव्यांदाही तितकेच आले. धाकटी बॉनेटपाशी उभी राहून ऑइल ओतत होती, डबा तळाला गेला आणि घड्याळात सव्वाचार झाले. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा धाकटी दाराशी येऊन वाकली आणि तिला बाबांचा पाय दिसला. ते हळूच एकदा दाबत होते, पाय उचलत होते, मग खरा दाबत होते. नट उघडा असतानाच पाय वर येई आणि निघालेली हवा परत आत जाई.

काकू म्हणाल्या, उतरव त्यांना, तू बस. बरोबरच होतं ते. धाकटीने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकदम दाबला की ती दचकते," बाबा हळू आवाजात म्हणाले. "झोपलीये ना."

गाडीत बसली की आईला पाचव्या मिनिटाला झोप लागायची, घरभर त्यावरून थट्टा चालायची. पहिला दाब गाडीसाठी नव्हताच. तो आईच्या मानेसाठी होता. गाडी ठीक होती तेव्हापासून होता, पुढे गाडी बिघडली आणि त्याच सवयीआड लपून राहिली.

तिने त्यांना उतरवलं नाही. वळसा घालून ती पलीकडच्या सीटवर, आईच्या जागेवर जाऊन बसली.

"बाबा, मी जागी आहे," ती म्हणाली. "एकदाच दाबा."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना कोण दिसलं हे तिने विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्या वेळी विचारावंसंही वाटलं नाही. हिरव्या उजेडात ती नुसती बसून राहिली. बाबांनी ब्रेक दाबला आणि धरून ठेवला. काकू सोडा म्हणेपर्यंत धरून ठेवला. सातव्या खेपेला नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल आलं. काकूंनी चाकं चढवली, स्वतः बाहेर एक फेरी मारली, दोन ठिकाणी करकचून थांबवून पाहिली आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली.

घरी जाताना दुसऱ्या वळणावर बाबांचं डोकं काचेला टेकलं. पाचला पाच कमी होते. गल्लीच्या टोकाशी, फाटकाच्या पडलेल्या खांबाच्या जागी, दादा हाताची घडी घालून उभा होता. एकच दाब, आणि शेजारी बाबा झोपलेले. धाकटीने वेग आधीच कमी केला आणि खूप लांबून ब्रेकवर पाय ठेवला. नव्या ब्रेकने लगेच दाद दिली. तिने पाय उचलला नाही, तोच दाब पायाखाली हळूहळू वाढवत नेला. गाडी संथ होत होत दादाच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली. बाबांचं डोकं काचेवरून हललंसुद्धा नाही.

दादा खिडकीशी आला. बाबांकडे त्याची नजर गेली. आठवडाभराचा ताण त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना धाकटीने पाहिला.

"झोपू दे त्यांना," तो कुजबुजला. "अजून एक चक्कर मारून आण."

आणि आवाज होऊ न देता त्याने मागचं दार उघडलं आणि स्वतःही आत बसला.