कच्ची खळ

टपालबाबूने पाकीट खिडकीतून परत सरकवलं, तेव्हा बाइंडिंगवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची तिसरी खेप होती. पाकिटात एवढंच होतं: आई, माझी वाट बघत बसू नकोस, ऑपरेशन करून घे.

आई राहायची त्या शेजारच्या देशाचं नाव आपल्या सरकारने परस्पर बदललं होतं. लोकांच्या पोराचं बारसं आपणच उरकायचं, असला हा उद्योग. भांडण पेटलं आणि फोनही बंद झाले. पहिलं पाकीट जुन्या नावापायी इथेच अडलं. दुसऱ्यावर तिने नवं नाव घातलं, तर सीमेपलीकडून शिक्का बसून आलं: असा देश नाही. आज तिने दोन्ही नावं लिहिली होती.

"जुनं नाव दिसता कामा नये, ताई."

"आई घरात राहते साहेब, नावात नाही राहत."

"नियम काय मी केलाय?"

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. हिच्या वाट्याला नुसते शिक्के.

कारखान्यात तेच नाव तिची वाट बघत होतं. शाळांचे बारा हजार नकाशासंग्रह, आणि प्रत्येकात जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी डकवायची. मैद्याची खळ तीच शिजवायची. गेल्या वर्षी तिने घाईत खळ कच्ची उतरवली होती, तर आठवड्याभरात वह्यांची लेबलं गळून पडली आणि फोरमनने सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. ते आठवलं आणि तिचा हात थांबला.

तिने वाटीभर खळ कच्चीच काढून घेतली. नव्या पाकिटावर जुनं नाव लिहिलं, वर कारखान्यातलीच एक पट्टी डकवली. टपालबाबूने नवं नाव वाचलं आणि शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी कुणा ट्रकवाल्याने आईची चिठ्ठी आणून दिली. ऑपरेशन झालं. पाकीट वाटेत कुठे अडलं नाही, वर आपलं जुनंच नाव होतं. तू वेळेवर जेवतेस ना?

तिने चिठ्ठी दोनदा वाचली, पदराने डोळे पुसले. मग तिला पुन्हा संताप आला, पहिल्यापेक्षा जास्त. एका ओळीच्या निरोपासाठी तिला चोरासारखं वागावं लागलं होतं.

चार हजार प्रती अजून उरल्या होत्या. तिने मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

"शिजली का गं?" फोरमनने टेबलावरूनच विचारलं.

"शिजली," ती म्हणाली, आणि एकही बुडबुडा यायच्या आत पातेलं उतरवलं.