काकूंना ऐकू यावं म्हणून

मी एक पडदा बोलतोय. पडद्याने झाकावं, बोलू नये, हे मलाही कळतं. पण आता राहवत नाही.

मला मास्तरांनी शिवलं. मास्तर म्हणजे या घरातले निवृत्त शिंपी. वर जाड कापड, मध्ये जुनी घोंगडी, मागे अस्तर. शिवताना मशीनच्या सुया मोडल्या. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हसून म्हणाल्या, "अहो, पडदा शिवताय की गादी?"

"तुझ्यासाठीच चाललाय खटाटोप, बाईसाहेब!"

काकूंना कमी ऐकू येऊ लागलं होतं. समोर हमरस्ता, शेजारी गॅरेज. त्या गोंगाटात मास्तरांचे शब्द त्यांना सापडत नसत. कानात यंत्र घातलं तर भोंगेच मोठे होत. आधी दोघं बागेत बसत. मास्तरांनी कुंपणाला दाट झुडपं लावली, पण ती वाढेपर्यंत कान थोडेच थांबतात! शेवटी दोघं आत आली. खिडकीच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसल्या आणि मला टांगलं. गॅरेजवालाही भला माणूस. "काका, तुमच्या गप्पांच्या वेळी मी ठोकाठोकी बंद ठेवतो," म्हणाला.

चहा झाला की मास्तर मला ओढून घेत आणि काकूंना खरंच ऐकू येई. भांडणंसुद्धा झकास होत. मी अगदी फुशारून जाई.

मग एकदा बाहेर ट्रकचा टायर फुटला. मास्तर ताडकन उठले, काकू मात्र शांतपणे शेंगा सोलत राहिल्या. उरलंसुरलं ऐकणंही गेलं होतं. त्या आता ओठ बघून बोलणं ओळखत. आणि नेमकं बोलायला बसताना मास्तर मला ओढत! खोलीत अंधार होई, ओठ दिसत नसत. काकू नुसती मान डोलवत. ज्याने डोळ्यांत तेल घालून मला शिवलं, त्याला 'सगळं फुकट गेलं' असं काकू कोणत्या तोंडाने सांगणार? मला माझ्या जाडपणाचा संताप येई.

पुढे मास्तर अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी खुणेनेच मला ओढायला लावलं आणि हळू काहीतरी बोलले. काकूंनी सवयीने मान हलवली, हात हातात घेतला. थोड्या वेळाने तो गार पडला.

आता लेकीने मला दोरीने बाजूला बांधलंय. घरात ऊनही येतं, भोंगेही येतात. काकू तिला विचारत राहतात, "पाणी मागितलं असेल का गं त्यांनी? आणि मी नुसती मान हलवली!" लेक कागदावर 'नाही गं आई' लिहून दाखवते. पण ती तरी कुठे होती तिथे? काकू जेवता जेवता उठतात आणि रिकाम्या खाटेजवळ पाण्याचा तांब्या नेऊन ठेवतात. माझं काळीज तुटतं.

ते शब्द मी एकट्याने ऐकलेत. तुम्हांला लिहिता येतं ना? मग मोठ्या अक्षरांत लिहा आणि उजेडात काकूंपुढे धरा. पाणी नव्हतं हो मागितलं त्यांनी. ते म्हणाले, "रस्ता कसा गप्प झालाय बघ. आता माझं सगळं नीट ऐकू येतं ना तुला?"

आणि काकू, तुम्ही हो म्हणालात.