तंबूवाले मला बघायला आले

मी एक छोटी कॅरव्हॅन बोलतेय. छोटी म्हणजे किती, तर आत दोघं उभे राहिले की एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. दोन बाकं, मध्ये टेबल, एक शेगडी, एक बेसिन आणि दाराशेजारी कपाटाएवढा संडास. टेबल खाली घेऊन गाद्या जुळवल्या की पलंग होतो. चाकं आहेत, पण इंजिन नाही. कुणी गाडीमागे जोडून ओढून नेलं तर माझं जग हलतं, नाहीतर मी आहे तिथे आहे. माझ्या साऱ्या सुखदुःखाचं मूळ एवढंच.

माझा जन्म इंग्लंडमधल्या हल शहराजवळच्या एका कारखान्यातला. माझ्या खिडक्या बसवणारा माणूस दिवसभर शीळ घालायचा, तीही बेसूर. वारा सुटला की माझी डावी खिडकी अजून त्याच्याच सुरात वाजते. कारखान्याचं म्हणणं, रबर वाईट निघालं. असेल.

मला पहिल्यांदा घेतलं स्किप्टनच्या विल्फ आणि नोरा थ्वेट यांनी. दर उन्हाळ्यात आम्ही फाइली गावाला जायचो, समुद्रावरच्या त्याच माळावर, त्याच जागी, तोंड त्याच दिशेला करून. आमच्याकडची माणसं निसर्गात जातात ती मुख्यतः त्याच्यापासून बचाव करायला. विल्फ आणि नोरा खिडक्या घट्ट लावून आत बसायचे, गुडघ्यांवर पांघरूण घ्यायचे, चहा प्यायचे आणि काचेतून समुद्राकडे बघायचे. बऱ्याच वेळानं नोरा म्हणायची, "छान आहे." विल्फ म्हणायचा, "आहे." झाली सहल. दोघंही तृप्त होऊन घरी परतायची.

मग नोरा गेली. विल्फनं मला घरापुढे उभं केलं आणि पुन्हा कधी गाडीला जोडलं नाही. रोज सकाळी तो चहाचा कप घेऊन यायचा, आपल्या बाकावर बसायचा आणि समोरच्या कुंपणाकडे समुद्रासारखं टक लावून बघायचा. त्याचं दुःख मला कळत होतं. पण माझी चाकं बसत चालली होती, पाठीवर शेवाळ धरलं होतं आणि एका चिमणीनं माझ्या धुराड्यात संसार थाटला होता. अजून दोन-तीन वर्षं अशीच गेली असती तर मला कुणी ओढलं नसतं, नुसतं उचलून भंगारात टाकलं असतं. मला रस्ता हवा होता.

शेवटी विल्फची मुलगी जुडिथ म्हणाली, "बाबा, विका ती. बागेत मिसळून जायच्या आत विका." विल्फ हो म्हणाला. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली आणि लोक मला बघायला यायला लागले.

मुलगी बघायला येतात तशी सगळी तऱ्हा. कुणी चाकाला लाथ मारून बघायचा, कुणी संडासाचं झाकण उघडून वास घ्यायचा, कुणाची बायको माझ्या पडद्यांचा रंग बघून नुसतं "अच्छा" म्हणायची. विल्फ सगळ्यांशी गोड बोलायचा आणि शेवटी सांगायचा, "काय आहे, कालच एक जण शब्द देऊन गेलेत. तुम्हाला जरा उशीर झाला." काल कुणीही आलेलं नसायचं. पण आलेली माणसं उशिराबद्दल माफी मागून निघून जायची. त्या न आलेल्या माणसाशी माझं लग्न इतक्यांदा ठरलं, की एव्हाना आम्हाला नातवंडं झाली असती.

मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोमवारी हेबडन नवरा-बायको आले. पाऊस पडत होता, तरी रसेल हेबडन अर्ध्या चड्डीत उतरला. त्यावरूनच मी ओळखलं, हे तंबूवाले. ग्लेनिस हप्त्याहप्त्यानं उतरली. आधी एक पाय, मग दुसरा, मग दाराला धरून कंबर आणि सरतेशेवटी बाकीची ग्लेनिस.

माझ्या दाराशी येऊन तिनं चिखलाचे बूट काढले. आजवर कुणी काढले नव्हते. विल्फनं ते बघितलं आणि किटली चढवली. मला बरं वाटलं. चहा ठेवला, की माणसाला तासभर तरी हाकलता येत नाही.

"आम्ही नुसतं बघायला आलोय, मिस्टर थ्वेट," रसेल म्हणाला. "आम्ही तंबूवाले. लग्न झाल्यापासून. तंबूत माणूस जमिनीशी जोडलेला राहतो."

"राहिले ना मी जोडलेली," ग्लेनिस म्हणाली. "गेल्या वर्षी त्या तळ्याकाठी सकाळी पाठ धरली, ती उठताच येईना. शेजारच्या तंबूतल्या दोघांना बोलवावं लागलं."

"त्यातला एक दातांचा डॉक्टर होता," रसेल म्हणाला, जणू त्यामुळे काही अब्रू वाचत होती.

"तिथे आडवी असतानाच याला सांगितलं मी. पुढच्या वर्षीपासून मला भिंती हव्यात. चाकांवरच्या असल्या तर दोघं जाऊ. नाहीतर मी मॅक्सीनबरोबर स्पेनच्या हॉटेलात जाते, तू जा तुझा तंबू घेऊन. मॅक्सीन माझी बहीण."

"तिला कराओके आवडतं," रसेलनं विल्फला हळूच सांगितलं.

मग त्याची नजर माझ्या संडासाकडे गेली. "राग मानू नका, पण स्वतःचा संडास गाडीमागे बांधून फिरायचं म्हणजे..."

"तू बादली घेऊन फिरतोस, रसेल."

"बादलीचं वेगळं आहे."

"ते कसं काय?"

"बादलीला दार नसतं. त्यात एक प्रामाणिकपणा आहे."

विल्फला चहाचा ठसका लागला. ग्लेनिसनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "चालू द्या. मी रोज ऐकते."

आता इथे नीट लक्ष द्या. ग्लेनिसला मी आवडले होते. ती माझ्या कपाटाच्या कडेवरून सारखा हात फिरवत होती. रसेललाही आवडले होते. आयुष्यभर घडीच्या स्टुलांवर बसलेला तो माणूस पहिल्यांदा गादीला टेकला होता आणि त्याचा चेहरा वाफाळलेल्या पुडिंगासारखा सैल पडला होता. विल्फलाही ती दोघं आवडली होती. पण यातलं एक अक्षर कुणी बोलेल तर शपथ. ग्लेनिस म्हणाली, "बरी आहे तशी." रसेल म्हणाला, "वाईट नाही." विल्फ म्हणाला, "घाई नाही हो. तसं कालच एक जण शब्द देऊन..."

"अरे बापरे, मग आम्ही कशाला मध्ये येऊ," रसेल पटकन उठत म्हणाला. "विचार करून कळवतो."

संपलं. आमच्याकडे विचार करून कळवतो म्हणणारा माणूस पुन्हा फक्त चर्चच्या जत्रेत भेटतो, तोही पाठमोरा. तिघांच्या मनात होतं आणि तिघंही सभ्यपणे ते बुडवायला निघाले होते. मी दाराची कडी अडकवून बघितली, पण रसेलला कड्या उघडता येतात.

मला वाचवलं पावसानं. दार उघडलं तर बाहेर समोरचं घर दिसेना, असा तो कोसळायला लागला.

"थांबा थोडं," विल्फ म्हणाला. पाहुण्यांना भिजत पाठवणं बरं दिसत नाही. "तोवर पलंग कसा होतो ते दाखवतो. घ्या म्हणून नाही. नुसतं माहिती म्हणून."

त्यानं टेबल खाली घेतलं, गाद्या जुळवल्या. "पडून बघा. पडल्याशिवाय गादी कळत नाही. मी घरातून ताजं दूध आणतो."

नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. म्हणून दोघं आडवी झाली, उताणी, पोटावर हात जुळवून, जुन्या चर्चमधल्या थडग्यांवरच्या दगडी सरदार-सरदारणीसारखी.

"दोन मिनिटं," रसेल पुटपुटला. "म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको."

"हं," ग्लेनिस म्हणाली.

तंबूत पाऊस माणसाच्या कानात पडतो. माझ्यात तो छपरावर पडतो आणि माणसाला वाटतं, हा दुसऱ्या कुणासाठी चाललाय. मीही जिवाचं रान केलं. खिडकीची शीळ दाबून धरली, बसक्या चाकांवर तोल सावरला, चिमणीला डोळे वटारून गप्प केलं. बघता बघता रसेल घोरायला लागला आणि त्याच्यामागोमाग ग्लेनिस. कुणाला सांगाल तर विश्वास बसणार नाही, पण त्या आवाजानं माझ्या पाठीवरचं शेवाळ गळून पडलं.

विल्फ दुधाचा जग घेऊन परत आला आणि दारात थबकला. झोपलेल्या पाहुण्यांना उठवणं असभ्यपणाचं, पाहुण्यांना सोडून जाणं त्याहून असभ्यपणाचं. तो पावसात उभा राहिला, इतका वेळ की हातातलं दूध पाण्यासारखं झालं. मग चवड्यांवर आत आला, वरच्या कप्प्यातून नोराचं चौकटींचं पांघरूण काढलं, दोघांच्या अंगावर घातलं आणि छत्री उघडून माझ्या पायरीवर बसला.

तेवढ्यात जुडिथचा फोन आला.

"हळू बोल," विल्फ कुजबुजला. "झोपलेत."

"कोण झोपलेत, बाबा?"

विल्फनं मान वळवून आत बघितलं. "घेणारे," तो म्हणाला.

हा शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारला होता. बोलताना तो पुन्हा पाठमोरा झाला होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. छत्री तेवढी जरा हलली.

दोघं जागी झाली तेव्हा पाऊस थांबून ऊन तिरपं झालं होतं. रसेल इतका लाल झाला, की माझ्या पडद्यांचा रंग फिका वाटला.

"घेतो," तो म्हणाला.

"अरे, पण विचार..." ग्लेनिस म्हणाली.

"ग्लेनिस, आपण त्यांच्या अंगणात घोरलोय. आता कसला विचार?" मग त्याला आठवलं. "पण तुमचा तो कालचा माणूस?"

विल्फनं छत्री मिटली, नीट झटकली. "तो आता नाही यायचा," तो म्हणाला. "त्याची पाठ चांगली आहे."

असा मला रस्ता मिळाला. नवे टायर मिळाले, पाठ घासून मिळाली, चिमणीला दुसरं बिऱ्हाड शोधून दिलं गेलं. ग्लेनिस आता सकाळी एकटीच्या बळावर उठते. आणि रसेल? तो माझ्या खिडकीत गादीला टेकून बसतो, वाऱ्यात तंबूच्या मागे धावणाऱ्या माणसांकडे बघतो आणि म्हणतो, "बिचारे. भिंती किती गरजेच्या असतात, ते यांना कोण सांगणार." अर्धी चड्डी मात्र सुटलेली नाही.

सगळं छान चाललं होतं. पण परवा रसेल शेजाऱ्याला म्हणाला, "ही आमची पहिली कॅरव्हॅन." मी आधी लाजले, मग हबकले. दुसरीवर डोळा असल्याशिवाय माणसं पहिलीला पहिली म्हणत नाहीत. दुसऱ्याच दिवशी माझ्याच टेबलावर एक चकचकीत कॅटलॉग आला. त्यातल्या एकीला म्हणे कायमचा पलंग आहे आणि संडासात आरसा.

त्या दोघांचं बोलणं मी जसंच्या तसं सांगते.

"मिस्टर थ्वेट दर रविवारी फोन करून हिची चौकशी करतात," ग्लेनिस म्हणाली. "त्यांना सांगणार कोण?"

"तू सांग. तुझं त्यांच्याशी जमतं."

"मी नाही बाई."

"पत्र टाकू या का?"

"पत्र? ज्या माणसानं आपल्याला पांघरूण घातलं त्याला?"

रसेलनं कॅटलॉग पालथा घातला, जणू विल्फ खिडकीतून बघतोय. "राहू दे," तो म्हणाला. "ते आहेत तोवर तरी विषय नको."

तर वाचकहो, माझं सारं भवितव्य आता विल्फच्या प्रकृतीवर टांगलेलं आहे. तो ऐंशी ओलांडून गेलाय, सकाळ-संध्याकाळ बेकन तळून खातो आणि डॉक्टरकडे जायला लाजतो, कारण त्यांना कशाला त्रास. शिवाय दर शरद ऋतूत स्वतः शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतली पानं काढतो. माझी हात जोडून विनंती आहे. स्किप्टनकडे कधी जाणं झालं तर त्याच्यासाठी थोडी फळं न्या, त्याच्याबरोबर घटकाभर बसा आणि तो दूध आणायला आत गेला, की ती शिडी तेवढी गाडीत घालून निघून या.