आंबूस वास

मित्रांनो, मी एक जुना उंदराचा पिंजरा आहे, आणि मला किळस येते. कशाची येते असं विचारू नका, कशाची येत नाही ते विचारा. उंदरांची येते, त्यांच्या लेंड्यांची येते, आकड्याला तीन-तीन दिवस अडकून बुरशी चढलेल्या पावाच्या तुकड्याची येते. पण सगळ्यांत जास्त किळस मला माणसाची आली, आणि ती एका दुपारी. तेच सांगायला बसलो आहे.

मला डबे आणि चाळण्या बनवणाऱ्या एका कारागिराने घडवलं. खाली फळी, वर तारेची जाळी, पुढे झडप आणि आत आकडा. आकडा हलला की झडप पडते. कारागिराने ती तीनदा पाडून पाहिली आणि ‘चालतोय’ म्हणाला. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच. तेव्हा मी चकचकीत होतो. कुणीतरी आपल्यात पोपट ठेवील, अशी माझी भाबडी समजूत होती.

मला नेलं एका बेकरीवाल्याने. पोपट गेला उडत! पहिल्याच दिवशी माझ्या पोटात एक ओला, घाणेरडा, धडपडणारा उंदीर सापडला. शेठने मला दोन बोटांत उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि बादलीत बुडवलं. एक टोस्ट सावकाश खाऊन होईपर्यंत बुडवून ठेवायचं, हा त्याचा नियम होता. आत काय चाललंय ते मला कळायचं. तो मात्र शीळ घालत टोस्टचा चुरा मिशीवरून झटकायचा. मग कामाच्या बाईने मला रिकामं करायचं. मला धुवायचं मात्र कुणाच्याच डोक्यात येत नसे.

ही बाई बेकरी झाडायची, ट्रे घासायची, पिठाची पोती रचायची. तिला चार महिन्यांचा मुलगा होता. टोस्टच्या रिकाम्या खोक्यात जुनी चादर घालून ती त्याला पोत्यांच्या आड ठेवायची. पोरगं शहाणं होतं, पण पोरच ते. एकदा गिऱ्हाईक समोर असताना त्याने भोकाड पसरलं. शेठने बाईला बाजूला घेतलं आणि ही बेकरी आहे, पाळणाघर नाही, उद्यापासून पोर आणायचं नाही, असं बजावलं. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तिने हातापाया पडून पाहिलं. ते तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून तो गल्ल्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून बाई घराला कुलूप लावून येऊ लागली. पाजायची वेळ झाली की तिचे कपडे पुढून ओले व्हायचे. मग ती अंगणातल्या नळाशी यायची, पाठ वळवून कपडा पिळायची आणि वरून ॲप्रन घट्ट बांधायची. दूध वाळलं की आंबूस वास यायचा. शेठच्या नाकाला तो झोंबायचा. बाई, आंघोळ करून येत जा, असं त्याने दोनदा सुनावलं. तिने होय म्हटलं आणि मान खाली घातली. तरी वास जाईना, तेव्हा त्याने ठरवलं की वास पिंजऱ्याला मारतो. मला उचलून नळाजवळच्या खिळ्याला टांगलं. ऊन-पाऊस खात मी तिथे गंजलो. दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन लटकत राहणं फार वाईट, मित्रांनो. पण त्याहून वाईट म्हणजे तो दोषच नव्हता.

पुढच्याच महिन्यात शेठला मुलगी झाली आणि हा माणूस लोण्यासारखा विरघळला. दुधाच्या डब्यावरचं वासराचं चित्र बघून त्याचे डोळे भरायचे. रस्त्यात बाळाचा एकटा मोजा पडलेला दिसला, तर तो उचलून काउंटरवर ठेवला आणि दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत बसला. वर्तमानपत्रात लहान मुलाबद्दल काही वाईट छापलेलं असलं की ते पान तो न वाचताच टोस्ट बांधायला फाडायचा. त्याची बायको हसून म्हणायची, “बाळंतपण माझं झालं आणि हळवे तुम्ही झालात.”

माझी पंचाईत झाली. मला खिळ्यावरून काढून पुन्हा कामाला लावलं होतं. उंदीर सापडला, शेठने बादलीत बुडवला, आणि उंदराने जाळीला धरलेले पंजे पाहून ताबडतोब वर काढला. “एवढेएवढे हात आहेत गं त्याचे,” असं तो बायकोला सांगत होता. मग मला कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत नेऊन त्याने उंदीर सोडून दिला. तो तुटक्या शेपटीचा उंदीर शेठ हात धुवायच्या आत परत आला. आठवड्यात तीनदा सापडला. मला तो पिंजरा समजतच नव्हता, खानावळ समजत होता. पोती फाटली, पिठात लेंड्या सापडू लागल्या. ते सगळं चाळत बसायचं काम अर्थात बाईचं.

आणि मग ती दुपार आली. मी पोत्यांच्या मागे होतो. एक फुगलेली उंदरीण आत शिरली, झडप पडली, आणि ती माझ्याच पोटात व्याली. आठ पिल्लं. उघडीनागडी, लालभडक, मिटल्या डोळ्यांची, एकमेकांवर वळवळणारी. मला इतकी शिसारी आली की माझी तार न् तार आखडली. कुणीतरी मला लांब फेकावं असं वाटलं.

शेठ मात्र गुडघ्यांवर बसला. कापूस आणला, बाटलीच्या झाकणात दूध आणलं. कापूस आत सरकवताना पिल्लांना बोट लावलं, पुन्हा लावलं. बायकोला हाक मारली, मुलीला खांद्याशी धरून आला, तिलाही पिल्लं दाखवली. उंदरीण कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती. तेवढ्यात बाई झाडू घेऊन आली. शेठने तिला हातानेच थांबवलं.

“बाई, हिला अजिबात हलवायचं नाही,” तो कातर आवाजात म्हणाला. “आई आहे ती. पिल्लांपासून आईला तोडायचं म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?”

बाईचा ॲप्रन पुढून ओला झाला होता. मग तिने झाडू भिंतीला टेकवला.

“शेठ, माझा आता रांगायला लागलाय,” ती म्हणाली. “शेगडीकडे जाईल म्हणून पलंगाच्या पायाला पट्टीने बांधून येते. सकाळपासून तो तसाच आहे.”

ती बोलायला जवळ आली होती, त्यामुळे तो वास शेठच्या नाकात गेला. आंबूस. त्याने आपल्या खांद्याकडे मान वळवली. मुलगी रोज तिथेच दुधाची गुळणी काढायची, आणि शर्टाला तोच वास होता. त्याच्या बायकोच्या कपड्यांना होता, उशांना होता, सगळ्या घराला होता. गेले दोन महिने तो त्या वासात नाक खुपसून झोपत होता. या बाईला त्याने आंघोळ करून यायला सांगितलं होतं. शेठने मुलीला बायकोच्या हातात दिलं, मोरीशी गेला आणि भडाभडा ओकला.

मला त्याची दया आली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आली. किळसच आली, आणि ती त्या ओकारीची नव्हती. उंदरिणीसाठी गुडघ्यांवर बसणारा हा माणूस, दहा हातांनी राबणाऱ्या बाईसाठी एवढे महिने मान वळवू शकला नव्हता. हळवेपणाला सुद्धा सोयीची दिशा असते, हे पाहून मला माझ्या गंजाची लाज वाटेनाशी झाली.

“चला,” तोंड पुसत तो म्हणाला. “मी येतो तुमच्याबरोबर. आणू त्याला.”

दोघं धावत गेली. भट्टीतले पाव करपले, धूर झाला, शेठची बायको मुलीला सांभाळत कसेबसे ट्रे ओढत राहिली. अर्ध्या तासाने दोघं परतली, तेव्हा मुलगा शेठच्या कडेवर होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता आणि घोट्याभोवती पट्टीचा लाल वळ होता. बाईने त्याला घेतलं आणि तिथेच पोत्यावर बसून पाजलं. शेठ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. कापूस लाल झाला होता. पिल्लं तीनच उरली होती आणि उंदरिणीच्या तोंडाला रक्त होतं.

“फार हाताळलंत तुम्ही,” बाई मान वर न करता म्हणाली. “घाबरली ती.”

मित्रांनो, मी आजही त्याच बेकरीत आहे. उंदीर पकडतो. पिठात उंदीर चालत नाहीत, म्हणून बादलीही आहे. पण बुडवताना शेठ आता टोस्ट खात नाही, शीळ घालत नाही, आणि नंतर स्वतः मला कढत पाण्याने घासतो. पोत्यांच्या आड दोन खोकी असतात. एकात बाईचा मुलगा असतो, दुसऱ्यात शेठची मुलगी. दोघंही भोकाड पसरतात आणि गिऱ्हाइकं थांबतात.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला वापरून झाल्यावर धुऊन ठेवा, एवढी विनंती. आणि कुणाच्या अंगाला आंबूस वास आला, तर नाक मुरडायच्या आधी विचारा, बाई, घरी कोण आहे?