खाकीतलं वाचनालय

ज्यांच्या घरी सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, त्यांनी ही गोष्ट जरा सावरून बसून वाचावी. घसरायला होतं.

साधनाताई दुबईतल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होत्या. सहावी ते आठवीच्या मुलांचं त्यांचं वाचनालय इतकं स्वच्छ होतं की तिथे ऑपरेशन करता आलं असतं. फक्त पेशंट येत नव्हते.

लहानपणी पुण्यात जून आला की आई पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. तो संस्कार ताईंनी समुद्रापार आणला. सुट्टीहून येताना लोक बॅगेत लोणची भरतात, ताई खाकी कागदाची भेंडोळी भरत. भुतांची, विनोदाची, अवकाशाची, सगळी पुस्तकं एकाच गणवेशात. कपाटासमोर उभं राहिलं की पोलीस परेड पाहिल्यासारखं वाटे.

त्यांनी वाचन सप्ताहही केला. मुलं रांगेत आली, हात धुऊन बसली, कुणी ब्र काढला नाही. घंटा झाल्यावर गेली ती परत फिरकली नाहीत. ताईंच्या मते कार्यक्रम उत्तम झाला.

प्रिन्सिपल सर मात्र म्हणाले, "मॅम, लायब्ररी तो बहुत सुंदर है, लेकिन बच्चे किधर हैं? टर्म के एंड तक नहीं आये तो खलास. यहाँ रोबोटिक्स लॅब बनेगी."

संध्याकाळी दुबईच्या करामा भागातल्या आपल्या घरी ताईंनी हे कॅमिलाला सांगितलं. कॅमिला मूळची वसईची, त्याच शाळेत नाटक शिकवायची.

"आजकालची मुलं वाचतच नाहीत गं," ताई म्हणाल्या.

"वाचतील कशी? आत काय आहे ते कळतंय कुठे? मला भुताचं पुस्तक हवं असेल तर?"

"माझ्याकडे यायचं. मी नंबर सांगते."

"भुताला नंबर," कॅमिला म्हणाली आणि सोफ्यावरून घसरत पुढे आली. "हे प्लॅस्टिक कधी काढणार?"

"नवीन आहे गं सोफा."

"तुझी ईशानी केजीत होती तेव्हा घेतलास. आता ती ड्रायव्हिंग शिकायचं म्हणते."

"परत जाताना पुण्याला न्यायचाय."

"कधी जाणार परत?"

ताई कपात चहा ओतू लागल्या. हा प्रश्न आखातात कुणी कुणाला विचारत नाही.

कॅमिलाचा आवाज उतरला. "इथे आपण सगळंच पुढच्यासाठी जपून ठेवतो, साधना. चांगले कप, चांगल्या साड्या. चालतं. पण पोरं सातवीत एकदाच असतात. त्यांना जपून ठेवता येत नाही."

"पुस्तकाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो, कॅमिला."

"कर की. पण नमस्कार करायला पुस्तक उघडावं लागत नाही, हीच तर सोय आहे."

ताईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कव्हरं फाडायला माझा हात धजणार नाही."

"तुझा कशाला? पोरांचा धजेल."

दुसऱ्या दिवशी ताईंनी प्रत्येक खाकी कव्हरावर जाड पेनाने एकेक ओळ लिहिली. 'यात एक काका घरभर भूत शोधतात, आणि भूत काकांना.' नियम सोपा होता. पुस्तक वाचायचं, खाकीखालच्या खऱ्या कव्हरावर कसं चित्र असेल ते खाकीवर काढायचं, आणि मग सगळ्यांसमोर कव्हर फाडायचं.

"मॅम, वी कॅन रिअली टेअर इट?" सातवीतल्या अंशने विचारलं.

"वाचून झाल्यावर."

शाळेत फाडायची परवानगी! बातमी मधल्या सुट्टीत तीन मजले फिरली. वाचनालयात टरकन आवाज येऊ लागले, त्यावर वाद होऊ लागले, आणि फाडलेली चित्रं भिंतीवर लावता लावता 'शांतता राखा' ही पाटी कुठे गेली ते कळलं नाही.

एक दिवस हुमेरा पुस्तक पाठीमागे लपवून आली. "सॉरी मॅम. करक चहा सांडला."

ताईंच्या कपाळाची शीर उडाली. पानावर आखातातल्या त्या कडक, दुधाळ चहाचा तांबूस नकाशा उमटला होता. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"कुठल्या पानावर सांडला?"

"व्हेअर द घोस्ट कम्स."

"मग हात हलणारच," ताई म्हणाल्या. "भूत आहे ते." आणि त्यांनी ते पुस्तक पुढच्या मुलाला, डागासकट दिलं.

टर्म संपताना सर आले. हुमेरा सगळ्यांना पटवून देत होती की खरं कव्हर तिच्या कव्हराइतकं भीतिदायक नाही. सर दारातूनच मान पुढे काढून ऐकू लागले.

"और लॅब, सर?" ताईंनी धीर करून विचारलं.

"इन्शाल्ला, ऊपर की मंज़िल पे." मग कपाटाकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, "वो काकावाली किताब मुझे भी दीजिए."

त्या दिवशी ताईंनी घरी येऊन कात्री घेतली. टरकन आवाज ऐकून ईशानी बाहेर आली.

"ममा, गेस्ट्स येतायत?"

"नाही गं," ताई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. घसरल्या नाहीत. "आपणच आलोय."

तर मंडळी, वस्तू जपाव्यात, त्याला कुणाची ना नाही. पण ज्यांच्यासाठी आणल्या, त्यांच्यापासूनच जपू नयेत. पुस्तक मळलं, तर ते कुणीतरी वाचलं असं समजावं.

आता उठा. कात्री स्वयंपाकघरात असेल.