शनिवारी रुसणारी शेगडी

"आला!" कोणीतरी म्हणालं, आणि टॅनर्स मिल्स गावच्या ग्रेंज हॉलमधले, म्हणजे शेतकरी मंडळाच्या सभागृहातले, साठ चमचे साठ बश्यांवर थांबले.

शनिवारची बीनची पंगत ऐन रंगात आली होती. काकवी आणि खारवलेली चरबी घालून शुक्रवारपासून ओव्हनमध्ये मुरवलेल्या बीन्स, तपकिरी पाव, लालभडक हॉट डॉग, कोबीची कोशिंबीर, सगळं लांब टेबलांवरून हातोहात फिरत होतं. बाहेर अमेरिकेतल्या मेन राज्याची फेब्रुवारीतली थंडी होती, म्हणजे माणसाने नाक बाहेर काढण्याआधी दोनदा विचार करावा अशी. आणि नेमकी आत्ताच कोपऱ्यातली पेलेट शेगडी अडली. पेटीत लाकडाच्या भुशाच्या बोटभर कांड्या काठोकाठ भरलेल्या होत्या. वीज होती. पण कांड्या पुढे ढकलणारा आतला स्क्रू गप्प झाला होता. दर चार सेकंदांनी टपटप पडणारा घास बंद झाला आणि ज्वाळा बुटकी होत चालली.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं झुलतं दार कोणी हात न लावता आतल्या बाजूला चार बोटं सरकलं आणि तसंच राहिलं. खिडक्यांवर ताणून लावलेलं हिवाळ्याचं प्लॅस्टिक आत फुगलं, जणू कोणी छाती भरून श्वास घेतला. घोट्यांवरून थंड झुळूक गेली. बायकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आला एव्हरेट," थेल्मा म्हणाली. पंगतीचा स्वयंपाक तिच्या हाती असे. एव्हरेट हॅस्केल तिचा भाऊ. तो ऑगस्टमध्ये गेला होता.

मग सगळ्यांनी एव्हरेटच्या बायकोकडे पाहिलं. लुएला सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'चं ताट घेऊन मध्येच उभी होती. ते ठेवावं की घेऊन उभं राहावं, हे तिला सुचेना.

ब्रदर डॉर्विन पिंकहॅम सावकाश उठला. पांढरा स्वेटर, पांढरे केस, आणि आवाज असा की बीन्समध्ये वेगळी काकवी घालायला नको. तो परलोकाशी बोलत असे. परलोकही बहुधा दुसऱ्या कोणाशी बोलत नसावा.

"शांतता, बंधू-भगिनींनो! सिस्टर थेल्मा, स्वयंपाकघरातला तो पंखा बंद करा. यंत्राच्या घरघरीने आत्म्याची लहर तुटते. क्लेऑन, पूर्वेची खिडकी उघडा. वीतभर पुरे. त्याला जायला वाट हवी."

थेल्मा धावली. बर्फ ढकलायची गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्या क्लेऑनने खिडकी वर सरकवली. त्या एका खिडकीचं प्लॅस्टिक खास एव्हरेटसाठी कापून ठेवलेलं होतं.

डॉर्विनने शेगडीवर हात धरले. "एव्हरेट! तू सातव्या पातळीवरून आला आहेस. तुझी निळी आभा मला दिसते आहे. तुझा राग आम्हाला कळला. शांत हो, शांत हो..."

दोन मिनिटं गेली. मग आत कुरकुर झाली आणि कांडी पडली. टप. आणखी एक. टप, टप. हॉलभर सुस्कारा फिरला. सातव्या पातळीवरून खाली यायला ज्याला दार लागत नाही, त्याला परत जायला वीतभर खिडकी का लागते, हे विचारायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"तो काय म्हणाला?" थेल्माने विचारलं.

"तेच, जे तीन महिने म्हणतोय. तळ्याकाठच्या त्याच्या लाकडी घरात तो अडकलाय. ते घर आपल्या प्रकाश-कार्याला दिलं की त्याची सुटका होईल." डॉर्विन लुएलाकडे वळला. "कागद तयार आहेत, सिस्टर. पुढच्या शनिवारी, सफरचंदाचा पाय वाढून झाल्यावर?"

"लुएला, अगं बोल ना!" थेल्मा म्हणाली. "माझा भाऊ थंडीत तळमळतोय आणि तुझा चार फळ्यांवरचा जीव सुटत नाही?"

"करीन सही," लुएला म्हणाली, आणि ताट तिथेच कोणाच्या तरी पुढ्यात ठेवून बाहेर पडली.

खरं सांगायचं तर तिला त्या घराचं एवढं नव्हतं. म्हणजे होतंच. त्याच्या ओसरीची एकेक फळी एव्हरेटने ठोकली होती, आणि उन्हाळ्यात ती दोघं तिथे पाय पाण्यात सोडून बसत. पण तिला पोखरत होती ती गोष्ट वेगळीच होती. तिला वाटत होतं, हे खरं असावं. सहा महिने तिचं राहतं घर मुकं होतं. शनिवारी सहा वाजता का होईना, रागावून का होईना, तो येत तर होता. आणि त्याच वेळी तिला हेही वाटत होतं, की एव्हरेट असा नव्हता. साठ माणसांच्या जेवणात खोडा घालून बायकोची जाहीर शोभा करणारा माणूस तो नव्हता. या दोन वाटण्यांच्या मध्ये तिला कुठेच बूड टेकता येईना. विणायला घ्यायची आणि उसवायची. कॉफी करायची आणि प्यायला विसरायची.

बुधवारी सकाळी तिने गाडी काढली आणि सरळ हॉल गाठला.

लुएलाने एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. बूट कुठे चावतो हे शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, दोन बदलल्या की कळतच नाही, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. तिने पेटी रिकामी केली. कांड्या कोरड्या खडखडीत होत्या. खाली भुसा साचून स्क्रू अडकलाय का पाहिलं, नव्हता. राख काढली, जळायचं भांडं खरवडलं, झाकण नीट बसतंय याची खात्री केली, शेगडी पेटवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. दुपार झाली. शेगडी टपटप खात राहिली. जानेवारीत शहरातून मेकॅनिक आला होता, तोही एका मंगळवारी असाच तास-दीड तास बसून, "काहीही बिघडलेलं नाही, बाई," असं सांगून गेला होता.

"एव्हरेट," ती मोठ्याने म्हणाली, "ये की आता. मी एकटीच आहे."

कोणी आलं नाही.

"बुधवारी सुट्टी असते का रे तुला?" ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

मग नाक पुसून तिने एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, शनिवारी असतं आणि बुधवारी नसतं ते काय? माणसं. प्रार्थनेचं गाणं. ओव्हन. कॉफीचं मोठं भांडं. ब्रदर डॉर्विन. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन.

माणसं आणायची कुठून? म्हणून तिने आधी गाणं म्हटलं, बेसूर, तिन्ही कडवी. शेगडीने ते निमूट सोसलं. ओव्हन लावला. काही नाही. कॉफीचं भांडं लावलं. काही नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पंखा लावला. पंखा नवाच होता, नोव्हेंबरात बसवलेला, एवढा मोठा की थेल्मा त्याला विमान म्हणायची.

ती हॉलकडे वळली आणि जागीच थिजली. झुलतं दार आपोआप तिच्याकडे सरकत आलं. खिडक्यांची प्लॅस्टिकं आत फुगली. घोट्याला गार वारा लागला. शेगडीतली कुरकुर बंद पडली.

भरदिवसा तिच्या अंगावर काटा आला. आला. खरंच आला.

पण हात अजून पंख्याच्या बटणावरच होता. तिने ते बंद केलं. दार मागे गेलं, प्लॅस्टिक सैल पडलं, थोड्या वेळाने टप झालं. बटण चालू. दार आलं, शेगडी गप्प. बंद. टप. तिने पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच झालं. बेचाळीस वर्षांच्या संसारात एव्हरेटने तिचं पहिल्या हाकेला एकदाही ऐकलं नव्हतं. हे भूत एव्हरेटचं नक्कीच नव्हतं.

तिने मेकॅनिकला फोन लावला.

"पंखा?" तो म्हणाला. "अहो, मग मला मंगळवारी कशाला बोलावलंत! तो पंखा हॉलमधली हवा बाहेर फेकतो. तुम्ही लोकांनी हिवाळ्यासाठी एकेक फट बुजवलेली. नवी हवा येणार कुठून? शेगडीला धूर बाहेर ढकलता येत नाही. तिच्यात हवेच्या ओढीवर चालणारा एक स्विच असतो. ओढ कमी झाली की तो कांड्या पाडणं बंद करतो, धूर माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणून. शेगडी रुसत नाही बाई, ती तुम्हाला वाचवते. जरा खिडकी उघडून बघा."

"खिडकी ब्रदर डॉर्विन उघडायला लावतात."

"कोण? डॉर्विन पिंकहॅम? उंच, गोडबोल्या? सहा हिवाळे माझ्याबरोबर शेगड्या बसवायचा तो! त्याला हे माहीत नसेल तर मला माझं नाव माहीत नाही."

लुएलाने फोन ठेवला. रागाने तिचे कान तापले. पण एक गोष्ट अजून चुकत होती. गेल्या हिवाळ्यातही फटी बुजवल्या होत्या, आणि पंखा लहान का होईना, तेव्हाही होता. मग तेव्हा शेगडी का अडली नाही? ती बूट चढवून बाहेर गेली आणि शेगडीमागची भिंत बर्फातून चाचपत निघाली. गुडघ्याएवढ्या उंचीवर तिला फटी बुजवायच्या पिवळ्या फेसाचा वाळलेला गोळा दिसला. तो तिच्याच हातचा होता. ऑक्टोबरात, हॉल बंदिस्त करायच्या दिवशी, उंदरांच्या भीतीने तिने दिसेल त्या भोकात तारेची घासणी कोंबून वर फेस फवारला होता. त्या दिवशी तिला नीट दिसतही नव्हतं, सारखे डोळे भरून येत होते.

तिने चाकूने फेस कापला. आत मनगट जाईल एवढी, बाहेरची हवा आत घेणारी नळी होती, आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी तारेने बांधलेलं होतं. ते तिने सोडवून हातात घेतलं आणि त्यावरचा फेस नखाने खरवडला. मग ते कोटाच्या खिशात घातलं आणि भोक चिंधीने पुन्हा बुजवलं. शेगडी सगळ्यांसमोर अडायला हवी, तर शनिवारपर्यंत ते बंदच असायला हवं होतं.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. सही बघायला शेजारच्या दोन गावांतून लोक आले होते. सहाच्या सुमारास शेगडी अडली, दार सरकलं, प्लॅस्टिक फुगलं. डॉर्विन उठला.

"सिस्टर थेल्मा, पंखा—"

"राहू दे," लुएला म्हणाली. ती थेल्माच्या वाटेत उभी राहिली. "आज पंखा चालू राहील आणि खिडकी बंद राहील. ब्रदर, तुम्ही बोलवा त्याला. नाहीतरी तो सातव्या पातळीवर असतो. तिथे आमचा पंखा ऐकू येतो का?"

"सिस्टर, अविश्वासाने लहरी दूषित होतात—"

"बोलवून तर बघा," टेबलावरून क्लेऑन ओरडला. "सफरचंदाचा पाय थंड होतोय!"

डॉर्विनने हात धरले. आभा निळी होती, मग जांभळी झाली. पातळी सातवरून नऊवर गेली. शेगडीतली ज्वाळा नखाएवढी उरली. कांडी पडली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. हॉलमध्ये गार पडत चाललेलं असताना हे विशेषच होतं.

"झालं?" लुएला म्हणाली. "आता बघा हं. मी काहीही म्हणणार नाही." तिने पूर्वेची खिडकी वर केली. सगळे शेगडीकडे बघत राहिले. दार मागे गेलं. कुरकुर. टप. तिने खिडकी खाली ओढली; थोड्या वेळाने स्क्रू थांबला. वर केली, टप. "क्लेऑन, आता तू कर. बघू, तुझ्या अंगात काही शक्ती आहे का."

क्लेऑनने केलं. मग एका मुलीने केलं. मग रांगच लागली. कोणीतरी हसलं आणि हसू टेबलाटेबलांवरून पसरत गेलं. पंखा हवा कशी ओढतो, शेगडी का थांबते, हे लुएलाने चार वाक्यांत सांगितलं. मग ती डॉर्विनकडे वळली. "सहा हिवाळे शेगड्या बसवल्यात तुम्ही. हे तुम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. खरं ना?"

डॉर्विनने कागद गोळा केले. "परलोकाची साधनं ऐहिकच असतात," तो पुटपुटला आणि कोट शोधू लागला.

"दारातून जाताय, ब्रदर?" क्लेऑन म्हणाला. "का खिडकी वीतभर उघडू?"

हॉल हसून लोटपोट झाला. थेल्मा हसली नाही. ती एप्रन मुठीत धरून उभी होती.

"म्हणजे तो आलाच नव्हता," ती म्हणाली. "एकदाही नाही. तुला हे सांगायलाच हवं होतं, लुएला?"

तिलाही हेच वाटलं होतं, बुधवारी, पाचव्यांदा बटण बंद करताना. तिने खिशातून पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि नणंदेच्या हातात दिला. त्यावर खिळ्याने कोरलेली अक्षरं होती, डावीकडे कललेली. ती कोणाची आहेत हे थेल्माला सांगावं लागलं नाही.

भोक बुजवू नका. शेगडीलाही हवा लागते. ए. ह.

"निरोप होता त्याचा," लुएला म्हणाली. "मीच त्यावर फेस फवारला. मग आपण तीन महिने तो भलत्याच माणसाच्या तोंडून ऐकत बसलो. थेल्मा, गेलेला माणूस परत येत नाही गं. त्याने जे नीट करून ठेवलंय ते राहतं, तेही आपण डोळे उघडे ठेवले तर."

थेल्माने अक्षरांवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग लुएलाकडून भोकाची जागा विचारून ती स्वतः बाहेर गेली आणि त्यातली चिंधी उपटून आली.

नव्या पंख्याच्या ओढीला ती एक नळी पुरणारी नव्हती, म्हणून मेकॅनिक येईपर्यंत तो मंद चालवायचा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची असं ठरलं. शेगडी खात राहिली. लुएलाने बशी घेतली, खुर्ची ओढली आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा पंगतीत बसून पोटभर जेवली.

तो पत्रा आता हॉलमध्ये शेगडीशेजारी ठोकलेला आहे. त्याच्याखाली थेल्माने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "शेगडी अडली तर पंखा बंद करा, खिडकी उघडा, एकेक गोष्ट तपासा, आणि तरीही कळलं नाही तर जाणत्या कारागिराला विचारा. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही, असं नसतं. आणि तुमच्या मेलेल्या माणसाच्या नावाने जो तुमचं घर मागतो, त्याला आधी दार दाखवा."